तीन गावं, एक अभंग आणि पन्नास मिलिसेकंद

पार्श्वभूमी

पुण्यात ताईंच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी तिघांची बैठक असायची. ताई गाणार, काका पेटीवर, आणि तबल्यावर एक तरुण इंजिनिअर. तिशी ओलांडली तरी त्याला सगळे ‘बाळ’च म्हणतात. यात व्यावसायिक कोणी नाही. ताई बँकेतून निवृत्त झालेल्या, काकांनी शाळेत गणित शिकवलेलं. मी ताईंचा भाचा. गाण्यात माझा उपयोग शून्य, पण वायरी, लॅपटॉप आणि ‘आवाज का येत नाहीये’ हे खातं माझ्याकडे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

2024 च्या सुरुवातीला बाळची बदली नाशिकला झाली. एप्रिलमध्ये काका सहा महिन्यांसाठी मुलाकडे न्यू जर्सीला गेले. गुरुवार बंद पडला. मे महिन्यात ताईंच्या भजनी मंडळाकडून विचारणा आली: आषाढीला कार्यक्रमाआधी लावायला तुमच्या तिघांचा एखादा अभंग रेकॉर्ड करून द्याल का? आषाढी एकादशी 17 जुलैला होती. हातात दोन महिने. ताई म्हणाल्या, “आता सगळं ऑनलाइन होतं, एवढं एक भजन होणार नाही?”

सामान असं होतं. ताईंकडे एक विंडोज लॅपटॉप आणि दुकानदाराने गळ्यात मारलेला अकरा हजारांचा कंडेन्सर माइक. बाळकडे दोन माइक एकाच वेळी घेणारा फोकसराइटचा स्कार्लेट 2आय2 इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी डबी. काकांकडे मुलाचा ऑफिसच्या मीटिंगचा यूएसबी माइक आणि तिकडच्याच एका मराठी कुटुंबाकडून मागून आणलेली पेटी. बाळ आणि मी दोघंही रीपर वापरत होतो. हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर 60 दिवस पूर्ण चालतं आणि घरगुती वापराचा परवाना 60 डॉलरला मिळतो. दोन महिन्यांच्या कामाला 60 दिवसांची मुदत, हा योग आम्हाला तेव्हा शुभ वाटला होता.

अडचण

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच: नेहमीचा व्हिडिओ कॉल. पुण्यात रात्रीचे साडेआठ, तिकडे सकाळचे अकरा. काकांनी पेटीवर सा धरला. दोन सेकंद ऐकू आला आणि विरून गेला. काकांचा भाता चालू, बोट पट्टीवर, चेहरा तल्लीन, आणि आवाज नाही. कॉलच्या सॉफ्टवेअरला एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी वाटतो आणि ते तो गाळून टाकतं. तानपुऱ्याचीही तीच गत झाली. सेटिंगमध्ये ‘मूळ आवाज’ अशी सोय असते, ती चालू केल्यावर पेटी परत आली. मग कळलं की आवाज हा छोटा प्रश्न होता.

ताईंनी मुखडा उचलला, बाळने भजनी ठेका धरला. पहिली दोन आवर्तनं (तालाचे पूर्ण फेरे) बरी गेली. मग ताई थापेसाठी किंचित थांबायला लागल्या, कारण थाप उशिरा येत होती. बाळ शब्दासाठी थांबायला लागला, कारण शब्द उशिरा येत होता. दोघंही सौजन्याने एकमेकांची वाट पाहत होते आणि लय पायऱ्या उतरावी तशी खाली येत होती. चौथ्या ओळीला अभंगाचं पाळणागीत झालं.

आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर. हॉलमध्ये ताई आणि तबला यांच्यात दोन मीटर अंतर, तिथे सहा मिलिसेकंद लागतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाहीत. स्टॅनफर्डमध्ये क्रिस चेफ आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून टाळ्यांचा प्रयोग केला होता. दोघांमधला उशीर साधारण साडेअकरा मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर लय टिकते. त्याहून जास्त असेल तर ती मंदावत जाते, आणि गंमत म्हणजे फारच कमी असेल तर चढते. प्रत्यक्षात वाजवणारी माणसं पंचवीस-तीसपर्यंत सांभाळून घेतात. व्हिडिओ कॉलवर आमचा उशीर दोनशेच्या पुढे होता. दोनशे मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ सत्तर मीटर. पेटी गल्लीच्या टोकाला नेऊन ठेवावी आणि साथ मागावी, असं ते झालं.

न्यू जर्सीचं गणित तर मुळातच सुटणारं नव्हतं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून तिथलं सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात. म्हणजे सरळ रेषेत तार टाकली तरी एका बाजूला साठ मिलिसेकंद, आणि तारा सरळ रेषेत जात नाहीत. हे काकांना सांगितलं तेव्हा ते गणिताच्या मास्तरांसारखे म्हणाले, “मग ते सोडून द्या. जे सुटत नाही त्यावर वेळ घालवू नका.” आमच्या सगळ्या बैठकांमधलं सर्वांत उपयोगी वाक्य हेच होतं. मी मात्र ते आठवडाभर मनावर घेतलं नाही.

कोणते पर्याय पाहिले

त्या आठवड्यात मी जॅम्युलस बसवून पाहिलं. नेटवरून एकत्र गाण्या-वाजवण्यासाठी फोल्कर फिशर यांनी सुरू केलेलं हे मुक्त आणि फुकट सॉफ्टवेअर आहे. सगळ्यांचा आवाज एका सर्व्हरवर जातो, तिथे मिसळतो आणि परत येतो. मुंबईत भाड्याने एक छोटा सर्व्हर घेतला. पुणे आणि नाशिकसाठी वेळ चांगली आली. पण जॅम्युलसमध्ये स्वतःचाही आवाज सर्व्हरवरून परत आलेलाच ऐकायचा असतो. तसं केलं तरच सगळ्यांच्या कानात एकच मिश्रण असतं. वादकाला याची सवय होते, गाणाऱ्याला होत नाही. ताईंनी एक ओळ म्हटली आणि हेडफोन काढून ठेवला. “माझ्यामागे कोणीतरी मलाच चिडवतंय,” म्हणाल्या.

जॅकट्रिप हे स्टॅनफर्डचंच अपत्य. आवाज न दाबता जसाच्या तसा पाठवतं. आमच्या इंटरनेटला आणि माझ्या धीराला ते झेपलं नाही.

सोनोबसमध्ये मधला सर्व्हर आवाज मिसळत नाही. माणसं एकमेकांशी थेट जोडली जातात, आणि स्वतःचा आवाज स्वतःच्या यंत्रातूनच ऐकता येतो. प्रत्येकाकडून येणारा आवाज किती साठवून मग ऐकवायचा हे वेगवेगळं ठरवता येतं, आणि आलेले आवाज सुटे रेकॉर्डही होतात. अट एकच: हेडफोन हवेतच, कारण ते प्रतिध्वनी गाळत नाही. पुणे आणि नाशिकसाठी आम्ही हे निवडलं.

निंजॅम मला सर्वांत जास्त आवडलं आणि या कामाला ते सर्वांत कमी उपयोगी ठरलं. रीपर बनवणाऱ्या कॉकोस कंपनीनेच ते 2005 मध्ये आणलं आणि रीपरमध्ये ते आयतंच बसवलेलं असतं. यात उशीर कमी करण्याचा प्रयत्नच नाही. उलट तो वाढवून बरोबर एका आवर्तनाइतका केलेला असतो. तुम्ही सोळा मात्रा (तालाचे ठोके) ठरवल्या तर समोरच्याने मागच्या सोळा मात्रांत वाजवलेलं तुम्हाला या सोळा मात्रांत ऐकू येतं. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, समेवरच पडते, फक्त ती मागच्या आवर्तनातली असते. पाश्चात्त्य बँडसाठी केलेली ही युक्ती तालाच्या चक्रात इतकी चपखल बसते की मी दोन रात्री झोपलो नाही. पण अभंगाची साथ तशी होत नाही. ताईंनी ‘विठ्ठल’ म्हटल्यावर पेटीने तो सूर पुढच्या आवर्तनात धरला तर तोवर ताई ‘रखुमाई’पर्यंत पोचलेल्या असतात.

उरला शेवटचा मार्ग: प्रत्येकाने आपापल्या घरी वाजवायचं आणि एकावर एक थर चढवायचे. बँडलॅबमध्ये हे फोनवरच, ब्राउझरमध्ये आणि फुकट होतं, शिवाय काकांना टॅब सोयीचा. तरी मी रीपरवर अडून राहिलो, कारण पुढे आवाज मिलिसेकंदांच्या हिशेबाने सरकवावे लागणार याचा अंदाज आला होता.

थर चढवायचे, पण कुठल्या क्रमाने? सगळं प्रकरण इथे अडलं.

काय केलं: आधी चुकीचं, मग बरं

पहिला क्रम पुस्तकी होता. मिनिटाला 88 ठोके असा मेट्रोनोम लावून ताईंना गायला सांगितलं. त्यांनी शहाण्या मुलीसारखं गायलं. एकही सूर इकडचा तिकडे नव्हता आणि ऐकताना सरकारी निवेदन ऐकल्यासारखं वाटत होतं. ताई स्वतः ऐकून म्हणाल्या, “पाठ म्हणून दाखवलंय मी.”

दुसरा क्रम: आधी तबला. बाळने सात मिनिटांचा ठेका वाजवून पाठवला. सुंदर, स्वच्छ, आणि एकटा. ताई गायला बसल्या. तिसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी त्या नेहमी शब्दावर जरा रेंगाळतात आणि बाळ त्यांना ती जागा देतो, डग्ग्यावर (डाव्या हाताच्या तबल्यावर) घासून थोडं थांबतो. इथे थांबणारं कोणी नव्हतं. ताई रेंगाळल्या आणि सम पुढे निघून गेली. त्यांनी मान हलवून पुन्हा पकडली, पण ती चुकामूक रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू येत होती.

तेव्हा लक्षात आलं की आम्ही यंत्रांचा क्रम लावत होतो. लावायला हवा होता तो ऐकण्याचा. बैठकीत कोण कुणाकडे कान लावून असतं? ताई ठेक्यावर उभ्या राहतात. बाळ शब्दांच्या शेवटी ताईंकडे पाहतो. म्हणजे ही दोघं एकमेकांना बांधलेली, त्यांना वेगळं करता येणार नाही. काका ताईंच्या मागून जातात, त्यांचा सूर उचलतात, मधली जागा भरतात. म्हणजे काकांना नंतर बसवता येईल.

ठरलं असं: ताई आणि बाळ सोनोबसवर एकाच वेळी गाणार-वाजवणार. नेटवरून येणारा आवाज फक्त ऐकण्यापुरता. खरं रेकॉर्डिंग दोघांच्या घरी, त्यांच्याच लॅपटॉपवर. मग ते जोडून काकांना पाठवायचं.

तयारीला आठ दिवस गेले. दुकानदाराचा कंडेन्सर माइक परत डब्यात गेला. तो वाईट नव्हता, पण ताईंच्या हॉलमध्ये तो ताईंबरोबर शेजारचा कुकर, सोसायटीचा पंप आणि कोकिळाही तितक्याच प्रेमाने घ्यायचा. मंडळाच्या साउंडच्या पेटीतून एक शुअरचा एसएम58 आणला. 1966 पासून चालत आलेला हा माइक तोंडाजवळचं घेतो आणि लांबचं सोडून देतो. त्याला बेहरिंगरचा एक छोटा इंटरफेस जोडला. दुसऱ्या इनपुटला जुना फोन, त्यावर तानपुऱ्याचं ॲप, म्हणजे तानपुरा ताईंना आणि बाळला दोघांनाही ऐकू येईल. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत पंधरा मीटरची वायर टाकली. वायफायवर सरासरी वेळ चांगली दिसते, पण मधेच एखादा तुकडा अडखळतो, आणि तो नेमका समेवर अडखळतो. ताईंच्या मागे दोन गोधड्या वाळत घातल्या. पंखा बंद. जूनमध्ये.

दोन्हीकडे 48 हजारांचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची 48 हजार मापं, आणि 128 सॅम्पलचा बफर, म्हणजे एका वेळी साठवायचा तुकडा. 128 भागिले 48 हजार म्हणजे 2.7 मिलिसेकंद. जाता-येता असे बफर, वर नेटचा प्रवास आणि साठवण, असं मिळून एका बाजूचा उशीर 25 मिलिसेकंदांवर आला. साडेआठ मीटर. ताई हॉलमध्ये आणि बाळ जिन्याखाली बसलाय, इतकं. पाचव्या प्रयत्नात अभंग सलग झाला. 7 मिनिटं 10 सेकंद. तिसऱ्या अंतऱ्याला ताई रेंगाळल्या, नाशिकहून डग्गा घासल्याचा आवाज आला, आणि ताई गाता गाताच हसल्या. ते हसू शेवटच्या मिश्रणातही ठेवलंय.

निर्णयाची जागा: कुणाचा कान खरा?

आता माझ्याकडे ताईंच्या लॅपटॉपवरचा त्यांचा आवाज होता, सोबत त्यांना नेटवरून ऐकू आलेला तबला, आणि बाळच्या लॅपटॉपवरून आलेला स्वच्छ तबला दोन ट्रॅकवर, उजव्या हाताचा तबला वेगळा आणि डग्गा वेगळा. स्वच्छ तबला ताईंच्या आवाजाशेजारी ठेवायचा. पण कुठे?

यात गोम अशी. ताईंचा शब्द नाशिकला 25 मिलिसेकंदांनी पोचतो. बाळ त्यावर थाप मारतो, ती पुण्याला यायला आणखी 25. बाळच्या कानात शब्द आणि थाप एकत्र पडली असेल तर ताईंच्या कानात तीच थाप शब्दाच्या 50 मिलिसेकंद मागे असते. एकच गाणं, दोन घरांत दोन वेगळी गाणी, आणि दोन्ही खरी. जुळवताना यातलं एक निवडावं लागतं.

पहिल्यांदा मी सरळ मधोमध ठेवलं, 25 इकडे, 25 तिकडे. न्याय झाल्यासारखा वाटला, पण सगळं ढिलं वाजायला लागलं. मग विचार केला तोच जुना: या क्षणी कोण कुणाकडे ऐकतंय? सरळ ओळींत ताई ठेक्यावर गातात, म्हणून तिथे ताईंचा कान खरा. मी स्वच्छ तबला ताईंच्या बाजूला नेटवरून आलेल्या तबल्यावर बरोबर बसवला, थापेवर थाप, आणि मग नेटवरचा ट्रॅक बंद केला. गाणं एकदम घट्ट झालं. अंतऱ्याच्या शेवटी मात्र बाळ ताईंच्या मागून जातो. तिथे त्याचा कान खरा, आणि तिथे तबला मागे पडलेला ऐकू येत होता. अशा चार जागा निघाल्या. त्या हाताने कापून पुढे ओढल्या.

आणखी एक चावटपणा शेवटी सापडला. सुरुवातीला थापेवर थाप तंतोतंत होती आणि सातव्या मिनिटाला स्वच्छ तबला 19 मिलिसेकंद मागे. दोन इंटरफेस, दोघांची आपापली घड्याळं. दोन्ही 48 हजार म्हणत असले तरी एकाचं 48 हजार दुसऱ्यापेक्षा जराशाने लहान. 430 सेकंदांत 19 मिलिसेकंद म्हणजे दहा लाखांत 44 भागांचा फरक. स्वस्त सामानात एवढा चालतोच, महागातही थोडा असतोच. रीपरमध्ये तबल्याचा तुकडा टोकाला धरून तेवढा आवळला, काम झालं. सुरुवातीला एकच टाळी वाजवून जुळवणी करणाऱ्यांना हा फरक दिसतच नाही. शेवटीही एक टाळी हवी.

काकांची पेटी

जोडलेलं गाणं काकांना पाठवलं. व्हॉट्सॲपवर नुसता आवाज म्हणून पाठवलं तर तो दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून. एका ट्रॅकची फाइल साधारण 62 एमबी. चार दिवसांनी पेटी आली. तळघरातला दमटपणा शोषणारं यंत्र मागे घुमत होतं, पण काकांचं वाजवणं तेच, भरलेलं, कमी बोलणारं. फक्त प्रत्येक सूर मागून येत होता. सारखा, थोडासा, मागून.

ताईंनी ऐकलं, थोडा वेळ गप्प बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “काकांचा हात जड झाला रे.” मला काही सुचेना. काका त्र्याहत्तर वर्षांचे. खोटंही वाटेना. मी दोन दिवस काकांना फोन केला नाही.

तिसऱ्या दिवशी पेटीचा आलेख मोठा करून पाहिला. उशीर सगळीकडे जवळपास सारखाच, 180 मिलिसेकंदांच्या आसपास. म्हातारा हात एवढा नियमित चुकत नाही. फोन केला.

“काका, वाजवताना कानात काय घालता?”

“मुलाने दिलेत ना, ते बिनवायरीचे. फार छान ऐकू येतं.”

ब्लूटूथ. गाणं त्यांच्या कानात पोचायलाच तेवढा वेळ लागत होता आणि ते त्यावर अचूक वाजवत होते. पूर्ण ट्रॅक 180 मिलिसेकंद अलीकडे ओढला, पेटी जागेवर. ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच काकांना फोन लावला आणि अर्धा तास बोलल्या. कानातल्या यंत्राचा विषय त्यात निघाला की नाही मला माहीत नाही.

वेळ जुळली आणि मग सूर लढायला लागला. लांब सा वर सेकंदाला दीडेक लाट उठत होती. ताईंची पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा, आणि ॲपचा तानपुरा ‘ए’ हा स्वर म्हणजे 440 हर्ट्झ या मापावर होता. मागून आणलेली पेटी त्याहून थोडी चढी होती, सुमारे बारा सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभर भागांतले बारा. तानपुरा ॲपमध्ये बोटाने सरकतो, तबला हातोडीने चढतो, गळा आपोआप जातो. पेटीची पट्टी मात्र कारखान्यात घासून ठरलेली असते. जी हलत नाही तिच्याशी बाकीच्यांनी जुळवायचं, हे बैठकीत कुणाला सांगावं लागत नाही. आधी पेटी सा देते, मग तबला लागतो. ऑनलाइन आम्ही नेमकं उलटं केलं होतं. शेवटी रीपरमध्ये पेटी बारा सेंट खाली आणली, वेग न बदलता. एवढ्याशा बदलाने पेटीच्या आवाजाला फारसं काही होत नाही. जास्त असता तर पुन्हा गायलाच लागलं असतं.

निष्पन्न

15 जुलैला फाइल मंडळाला गेली. रीपरचे 60 दिवस त्याच आठवड्यात संपत होते. बाळने आणि मी परवाने घेतले. कार्यक्रमात ती मंडळाच्या स्पीकरवर लागली, लोक चपला काढत, जागा धरत असताना. एक बाई ताईंना म्हणाल्या, “कुठल्या हॉलमध्ये केलंत हो? छान घुमतंय.” घुमणं मी नंतर घातलेलं होतं. तिन्ही घरांच्या खोल्या वेगळ्या ऐकू येत होत्या, त्या एका छपराखाली आणायला.

माझं मत विचाराल तर गाणं चांगलं झालं, बैठक झाली नाही. ताई आणि तबला यांच्यात जे चाललंय ते खरं आहे. पेटी सुरेल आहे, जागेवर आहे, पण ती कायम मागून चालते. हॉलमध्ये काका कधीकधी पेटीवर असा एखादा सूर टाकतात की ताई ठरवलेलं सोडून त्याच्या मागे जातात. या सात मिनिटांत तसं एकदाही झालेलं नाही, होऊच शकत नव्हतं. ताईंना पेटी ऐकूच येत नव्हती.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी काकांकडून एक गोष्ट मागेन: त्या पेटीचा सा, तीस सेकंद, काहीही न वाजवता. तानपुरा त्यावर लावेन आणि मगच बाकीचं. हे मला सुचायला सहा आठवडे लागले, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे काकांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलंच नाही. मी त्यांना माइकबद्दल विचारत होतो.

ताईंनी गाताना पेटी पूर्ण गैरहजर ठेवायची नव्हती. काकांनी आधी एक कच्ची पेटी, नुसते स्वर, मोकळी, वाजवून दिली असती आणि ताईंनी ती दोनतीनदा ऐकून मग गायलं असतं, तर कदाचित एखाददुसरी जागा तिच्यातून उचलली गेली असती. रेकॉर्डिंगच्या वेळी ती कानात नको, पण डोक्यात असायला हरकत नव्हती.

जॅम्युलसच्या सर्व्हरवर घालवलेला आठवडा वाचवता आला असता. नाशिकचं अंतर या कामासाठी बनवलेल्या कोणत्याही सॉफ्टवेअरने जमलं असतं आणि न्यू जर्सीचं कोणत्याच नाही. सामानाचं म्हणाल तर पंधरा मीटरची वायर आणि वायरीचा हेडफोन यांनी जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेही पडला नाही. काकांना वायरीचा हेडफोन आम्ही पाठवायला हवा होता. मेमध्ये सगळ्यांना सामानाची यादी पाठवली तेव्हा ‘हेडफोन’ एवढंच लिहिलं होतं. ‘वायरीचा’ हा शब्द राहिला, आणि त्यापायी एका माणसाच्या हाताबद्दल तीन दिवस शंका घेतली गेली.

निंजॅमला मात्र नंतर काम सापडलं. अभंगाची साथ त्यात होत नाही, लेहरा होतो. लेहरा म्हणजे तबल्याला ताल धरून देणारी पेटीवरची छोटी धून, प्रत्येक आवर्तनात तीच. मागच्या आवर्तनातला आला काय आणि या आवर्तनातला आला काय, तबल्याला काही फरक पडत नाही. काकांचा मुक्काम ऑक्टोबरपर्यंत होता, त्यामुळे दर गुरुवारी रात्री साडेआठला, त्यांच्या सकाळी अकराला, ते न्यू जर्सीतून तीनतालाचा लेहरा धरायचे आणि बाळ नाशिकला रियाज करायचा. वायरीचा हेडफोन लावून. ताई पुण्यात नुसत्या ऐकत बसायच्या. बाळची तिहाई, तीनदा वाजवलेला तोच तुकडा, समेवर येते, तो पुढचा कायदा (तबल्याच्या बोलांची रचना) सुरू करतो, तो अर्ध्यात आलेला असतो, आणि दोन आवर्तनांनी, बरोबर समेवर, काकांचं “वा!” येऊन पोचतं.